पासवर्ड कुणाकुणाला माहितीये?

मावशीच्या दुकानात कालनिर्णय दोन कामांना येतं. पुढच्या बाजूला ब्लाउजच्या डिलिव्हरीच्या तारखा आणि मागच्या पानावर पासवर्ड. इन्स्टाग्रामचा, दुकानाच्या जीमेलचा, वायफायचा, कुरिअरच्या ॲपचा. चारही ठिकाणी एकच: दुकानाचं नाव आणि पुढे मावसभावाचं जन्मसाल. हे पान मीच लिहून दिलं होतं, बारावीच्या सुट्टीत. तेव्हा मला वाटलं होतं, काय मस्त सिस्टीम लावून दिली!

दुकान गोडदेव नाक्यापासून जरा आत. साड्या आणि ब्लाउज शिलाई. शिवणाऱ्या दोघी, साड्यांचे फोटो काढून टाकणारी टी.वाय.ची एक मुलगी, मावशी, मावसभाऊ आणि सुट्टीत मी. माणसं सहा, इन्स्टाग्राम एक, लॉगिन सहा फोनवर. ज्याचा हात मोकळा तो रिप्लाय देणार.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एक बाई दुकानात आल्या. साडीचे साडेचार हजार भरले होते, साडी आली नव्हती. त्यांनी फोन दाखवला. मेसेज आमच्याच अकाउंटवरून गेला होता, ‘ताई, नवीन क्यूआरवर पेमेंट करा’. क्यूआर आमचा नव्हता. पैसे जाऊन दोन दिवस उलटले होते. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, पण तिथे पहिले काही तास महत्त्वाचे असतात. रक्कम पुढे सरकायच्या आत थोपवायची असते. मावशीने त्या बाईंना साडी दिली आणि साडेचार हजार स्वतःच्या खिशातून गेले असं धरलं.

पैशांचं तिथे मिटलं. पण मग प्रश्न आला की मेसेज पाठवला कुणी? फोटो कोण टाकतं, जास्तीत जास्त रिप्लाय कोण देतं? ती मुलगी. तिच्यावर आरोप कुणीच केला नाही. मावशीने फक्त एवढंच विचारलं, ‘‘तुझ्या फोनवरून तर नाही ना गं गेलं काही?’’ ती ‘‘नाही मावशी’’ म्हणाली. सोमवारपासून आली नाही.

नंतर खणून काढल्यावर कळलं की आधीच्या आठवड्यात ‘तुमच्या अकाउंटने कॉपीराइटचं उल्लंघन केलंय, २४ तासांत बंद होईल’ असा मेसेज आला होता. त्यात लिंक. कुणीतरी घाबरून ती उघडली आणि पासवर्ड टाकला. कुणी? सहा फोन, एक पासवर्ड. कुणालाच आठवत नाही. तो मीही असू शकतो, हे सांगायला मला दोन महिने लागले.

पासवर्ड म्हटलं की आपण ‘स्ट्राँग आहे का’ एवढंच विचारतो. पण सहा जणांचा एकच पासवर्ड कितीही भक्कम असला, तरी गडबड झाल्यावर ती कुणी केली हे तो सांगू शकत नाही. मग बोट दाखवलं जातं सगळ्यात नव्या, सगळ्यात तरुण माणसाकडे. म्हणजे पार्टटाइम काम करणाऱ्या आपल्यापैकी कुणाकडे तरी.

छोट्या दुकानातच असं होतं, असं समजू नका. भाईंदरहून लोकल पकडून चर्चगेटला उतरा आणि फोर्टमध्ये चालत जा. तिथल्या पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाऊस शाखेतला घोटाळा फेब्रुवारी २०१८ मध्ये बाहेर आला. आकडा आधी अकरा हजार कोटींच्या वर होता, पुढे तेरा हजार कोटींच्या पलीकडे गेला. परदेशातल्या बँकांना हमीचे संदेश ‘स्विफ्ट’ यंत्रणेतून जायचे. एकाने संदेश तयार करायचा, दुसऱ्याने तपासायचा आणि मगच तो पुढे जायचा, अशी तिथली रचना. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, ते याचसाठी. पण हे पासवर्ड ज्यांच्या हातात नसायला हवे होते त्यांच्याही हातात होते, असं तपासाच्या बातम्यांमधून पुढे आलं. तसं झालं की तपासणारे डोळे चार उरत नाहीत, दोनच होतात. शिवाय स्विफ्ट बँकेच्या मुख्य हिशेबप्रणालीला जोडलेली नव्हती, त्यामुळे गेलेल्या संदेशांची नोंद तिथे आपोआप पडत नव्हती. नंतर रिझर्व्ह बँकेने दोन्ही यंत्रणा जोडण्यासाठी सगळ्या बँकांना मुदत घालून दिली.

तर, आम्ही काय केलं?

आधी एका रविवारी बसून फक्त मोजलं. कुठली अकाउंट्स आहेत, कुणाच्या फोनवर उघडी आहेत, पासवर्ड विसरला तर ओटीपी कुणाच्या नंबरवर जातो. या शेवटच्या प्रश्नावर मी हादरलो. दुकानाच्या जीमेलला रिकव्हरी नंबर होता माझा, तोही अकरावीतला, बंद पडलेला. तुमच्या घरच्या व्यवसायाची अकाउंट्स तुम्ही उघडून दिली असतील (आणि बहुतेक घरांत ती आपणच उघडतो), तर आज हे एवढं तरी बघा. बंद केलेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्या कुणाला तरी देते. तुमच्या मावशीच्या दुकानाची किल्ली मग त्या अनोळखी माणसाकडे.

मोजताना लक्षात आलं की बऱ्याच ठिकाणी पासवर्ड वाटायची गरजच नाही. जीमेलमध्ये ‘डेलिगेट’ नेमता येतो. तो स्वतःच्या अकाउंटमधून दुकानाचे मेल बघतो, उत्तर देतो, पासवर्ड त्याला कळतच नाही. व्हॉट्सॲप बिझनेसला मुख्य फोनशिवाय आणखी चार डिव्हाइस जोडता येतात आणि मुख्य फोनवरून हवं ते तोडता येतं. इन्स्टाग्राम फेसबुक पेजला जोडलं की मेटा बिझनेस सूटमधून प्रत्येकाला स्वतःच्या नावाने मेसेजपुरता प्रवेश देता येतो. सेटिंगमध्ये ‘कुठे कुठे लॉगिन आहे’ अशी यादीही मिळते. आमच्या यादीत एक फोन असा निघाला, जो मावसभावाने वर्षापूर्वी विकला होता!

शेजारच्या गाळ्यात स्टीलच्या भांड्यांचं काम चालतं. तिथल्या काकांचं दुखणं वेगळं. पन्नास हजारांपेक्षा जास्त किमतीचा माल राज्याबाहेर पाठवायचा तर ई-वे बिल लागतं. काका गावी, टेम्पो दारात, आणि पोऱ्या फोनवर ओरडतोय, ‘‘काका, ओटीपी सांगा!’’ ई-वे बिलच्या पोर्टलवर सब-युजर बनवता येतो, त्याचं लॉगिन वेगळं, ओटीपी त्याच्याच मोबाइलवर, आणि काढलेलं बिल त्याच्या नावावर दिसतं. काकांना हे माहीतच नव्हतं. काम दहा मिनिटांचं होतं.

जिथे वेगळं लॉगिन मिळतच नाही, उदाहरणार्थ कुरिअरचं ॲप, तिथे पासवर्ड मॅनेजर. बिटवॉर्डनच्या फुकट योजनेत दोन जणांत पासवर्ड शेअर करता येतात. मावशी आणि मावसभाऊ, एवढं पुरतं. प्रत्येक पासवर्ड वेगळा आणि मॅनेजरनेच बनवलेला. लक्षात ठेवायचा फक्त एक, तो लांबलचक. चार असंबद्ध शब्द घ्या: खलबत्ता, लोकल, पारिजात, गोधडी. (हेच नका वापरू, आता छापून आलंय.) दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलायचा, त्यात एक चिन्ह आणि एक आकडा हवाच, ही शिकवण ज्या अमेरिकी सरकारी दस्तऐवजातून जगभर गेली, तो २००३ साली बिल बर यांनी लिहिला होता. २०१७ मध्ये त्यांनीच त्याबद्दल खेद व्यक्त केला. लोक शेवटचा आकडा एकने वाढवतात, बाकी काही बदलत नाहीत.

बदलायचा तो कुणी काम सोडून गेल्यावर, त्याच दिवशी. त्यात अविश्वास नाही, उलट जाणाऱ्याचंच संरक्षण आहे. दुसऱ्याचा पासवर्ड फसवून वापरला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तुम्ही सोडलेल्या दुकानाचं लॉगिन तुमच्या फोनवर अजून उघडं असेल आणि तिकडे काही झालं, तर पहिला फोन कुणाला येईल?

मावशीला हे पटायला वेळ लागला. ‘‘घरच्यासारखी माणसं आहेत, त्यांच्यापासून काय लपवायचं?’’ हे तिचं म्हणणं. गल्ल्याची किल्ली मात्र तिच्याच कमरेला असते, हे मी हळूच दाखवून दिलं. तेव्हा ती हसली. आता मॅनेजरचा मुख्य पासवर्ड एका पाकिटात बंद करून घरच्या कपाटात आहे, दागिन्यांच्या खाली. उद्या ती आजारी पडली तर दुकान अडायला नको.

त्या मुलीला मावशीने फोन केला. लिंकचं सगळं सांगितलं, माझं नावही सांगितलं. तिने ऐकून घेतलं. ‘‘ठीक आहे मावशी,’’ म्हणाली. आता ती एका सीएच्या ऑफिसात जाते. राहिलेल्या पंधरा दिवसांचा पगार न्यायला ती अजून आलेली नाही. तोही त्याच कपाटात, वेगळ्या पाकिटात ठेवलाय.