पंच चेंडूकडे का पाहत नाहीत?

समजा, मेहकरच्या एखाद्या शाळेतील क्रीडाशिक्षकांना शालेय स्पर्धेत बास्केटबॉलचे पंच म्हणून प्रथमच उभे राहायचे आहे. नियमांचे पुस्तक त्यांनी नीट वाचले आहे, शिट्टी गळ्यात आहे. सामना सुरू होतो. चेंडू डावीकडे गेला की त्यांची मान डावीकडे वळते, उजवीकडे गेला की उजवीकडे. मैदानाभोवती बसलेल्या मुलांच्या मानाही अगदी तशाच हलत असतात. एवढ्यात चेंडूपासून चार-पाच पावलांवर एक मुलगा दुसऱ्याचा शर्ट मुठीत धरून त्याला अडवतो. ज्याला धरले त्यालाच तेवढे ते कळते. तो आशेने पंचांकडे पाहतो. पंच चेंडूकडे पाहत असतात.

नव्या पंचाला जाणकार पंच जी सूचना सुरुवातीलाच देतात, ती यासाठीच : चेंडू पाहत राहू नका. ऐकायला ही सूचना सोपी आहे, पाळायला मात्र फार अवघड. ती अवघड का, आणि सरावाने ती साधते कशी, हे समजून घेतले तर आपल्या डोळ्यांविषयी आणि अवधानाविषयी बरेच काही कळते.

वाटणी पहिल्यापासूनची

बास्केटबॉलचा खेळ डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने तयार केला. त्याने केलेल्या तेरा नियमांपैकी दोन नियम पंचांविषयी होते. एका पंचाने खेळाडूंवर लक्ष ठेवून फाऊल टिपायचे. दुसऱ्याने चेंडूवर लक्ष ठेवायचे, म्हणजे चेंडू मैदानात आहे की बाहेर, तो कोणाचा, गोल झाला की नाही, हे ठरवायचे. एकाच माणसाला दोन्ही कामे एकाच वेळी जमणार नाहीत, हे नेस्मिथच्या लक्षात आले होते असे दिसते. आज दोन्ही पंच दोन्ही प्रकारचे निर्णय देतात. पण वाटणीचे तत्त्व टिकून आहे. फक्त आता ती क्षणाक्षणाला बदलते.

नखाएवढे स्पष्ट जग

हात सरळ पुढे ताणा आणि अंगठ्याच्या नखाकडे पाहा. ते नख डोळ्याशी सुमारे दोन अंशांचा कोन करते. आपल्याला खरोखर बारकाईने दिसते ते साधारण एवढ्याच भागातले. दृष्टिपटलावरील पीतबिंदूच्या मध्यभागी एक लहानसा खळगा असतो. तेथे शंकूच्या आकाराच्या पेशी अतिशय दाटीने बसलेल्या असतात. त्या भागाबाहेर स्पष्टता झपाट्याने कमी होते. तरी सगळे दृश्य स्पष्ट असल्याचे आपल्याला वाटते, कारण डोळे सेकंदाला तीन-चार वेळा जागा बदलतात आणि मेंदू तुकडे जोडत राहतो.

आता थोडे गणित करू. पंचापासून १० मीटर अंतरावर दोन अंशांचा कोन म्हणजे सुमारे ३५ सेंटिमीटर रुंदीचे वर्तुळ. मोठ्या गटाच्या बास्केटबॉलचा व्यास सुमारे २४ सेंटिमीटर असतो. म्हणजे नजर चेंडूवर खिळवली, तर या स्पष्ट वर्तुळात चेंडू आणि भोवतालची पाच-सहा सेंटिमीटर जागा एवढेच येते. मैदान मात्र २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद आहे आणि त्यावर दहा खेळाडू आहेत. शिवाय चेंडू स्वतः कधीच फाऊल करत नाही! फाऊल करतात ते हात, कोपरे, खांदे आणि पाय.

मग नजर तिकडेच का जाते? दृष्टिपटलाच्या कडेच्या भागाला तपशील कळत नसला तरी हालचाल चांगली कळते. एखादी गोष्ट एकदम हलली की मध्यमेंदूतील केंद्रे डोळे तिकडे वळवतात, बहुतेक वेळा आपण ठरवण्याच्या आधीच. गवतात काही सळसळले तर तिकडे पाहणारा प्राणी वाचतो; ही सवय फार जुनी आहे. मैदानावर सर्वात वेगाने आणि सतत हलणारी वस्तू म्हणजे चेंडू. नवा पंच आळशी नसतो. त्याचे डोळे त्यांचे नेहमीचे काम करत असतात.

समोर असून न दिसणे

नजर योग्य जागी असली तरी भागत नाही, अवधानही तेथे हवे. १९९९ साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी केलेला प्रयोग पुष्कळांना माहीत असेल. त्यांच्या चित्रफितीत पांढऱ्या आणि काळ्या शर्टांतले दोन गट आपापसांत बास्केटबॉल फेकत असतात. पांढऱ्या गटाचे पास मोजा, असे प्रेक्षकांना सांगितले. मध्येच गोरिलाचे सोंग घेतलेली व्यक्ती त्या खेळाडूंमधून चालत गेली. सुमारे निम्म्या प्रेक्षकांना ती दिसलीच नाही. ज्यांना काळ्या गटाचे पास मोजायला सांगितले होते, त्यांच्यापैकी अधिक जणांना तो काळा गोरिला दिसला.

आपण काय शोधत आहोत, यावर काय दिसेल हे बरेचसे ठरते. म्हणून नव्या पंचाला नुसते ‘चेंडू पाहू नका’ म्हणणे पुरत नाही. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले की अस्वलच मनात येत राहते, हे डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये प्रयोगाने दाखवले होते. नको ते सोडायचे तर हवे ते हाती द्यावे लागते.

कबड्डीच्या मैदानावर हे आपण नेहमी पाहतो. चढाई करणारा खेळाडू हाच तेथला ‘चेंडू’. सगळे गाव त्याच्याकडे पाहत असते. पण अंतिम रेषेजवळ नेमलेल्या माणसाला बचाव करणाऱ्यांचे पाय पाहायचे असतात. मागे सरताना कोपऱ्यातल्या गड्याचा पाय रेषेबाहेर पडला, तर ते त्यानेच टिपायचे. त्याच्यापुढे रेषा आणि प्रश्न दोन्ही ठरलेले असतात, म्हणून त्याला ते जमते.

शिकण्याच्या पायऱ्या

बास्केटबॉलमध्ये आखलेल्या रेषेऐवजी विभाग असतात. दोन पंचांच्या पद्धतीत अर्ध्या मैदानाचे सहा आयताकार भाग कल्पिलेले असतात. एक पंच बास्केटखालच्या अंत्यरेषेबाहेर, दुसरा खेळाच्या मागे उभा असतो. कोणता भाग कोणाचा, हे ठरलेले असते. चेंडू आपल्या भागात असेल तर चेंडूभोवतीचा खेळ आपला. नसेल तर चेंडूपासून दूर असलेले खेळाडू आपले. चेंडू एका भागातून दुसऱ्यात गेला की कामांची अदलाबदल होते.

दुसरी पायरी प्रश्नाची. चेंडू आपल्या भागात असतानाही नजर ठेवायची ती मुख्यतः बचाव करणाऱ्यावर. तो समोर आधी येऊन उभा राहिला का? त्याचे दोन्ही पाय जमिनीवर होते का? त्याने सरळ वर उडी मारली की पुढे झेप घेतली? हात कोठे आहे? असे प्रश्न ठरलेले असले की डोळ्यांना चेंडूवरून उठून जायला जागा मिळते.

तिसरी पायरी उभे राहण्याच्या जागेची. दोन खेळाडू एकामागे एक दिसत असतील तर त्यांच्यात स्पर्श झाला की नाही हे कळत नाही. त्यांच्यामधली फट दिसेल अशा बाजूला दोन पावले सरकावे लागते.

सर्वात कठीण परीक्षा चेंडू बास्केटकडे फेकला जातो तेव्हा होते. प्रत्येक प्रेक्षकाचे डोळे वर जातात. चेंडूचे उड्डाण पाहणे हे मुख्यतः मागच्या पंचाचे काम. पुढच्या पंचाने बास्केटखाली जागेसाठी रेटारेटी करणाऱ्यांना पाहायचे. आणि ज्याच्या भागातून चेंडू फेकला, त्याने फेकणाऱ्याचे पाय जमिनीला लागेपर्यंत त्याला सोडायचे नाही. उडी मारलेल्या खेळाडूला त्याच जागी खाली येण्याचा हक्क नियमाने दिला आहे. त्या क्षणी कोणी त्याच्या पायाखाली पाऊल सरकवले तर घोटा मुरगळतो, कधी त्याहून अधिक इजा होते. आपल्याकडे अनेक शाळांची मैदाने सिमेंटची असतात, हेही विसरून चालणार नाही. ते पाऊल कोणी पाहिले नाही, तर पुढच्या वेळी ते पुन्हा पडते.

चौथी पायरी विश्वासाची. आपण नजर काढून घेतली तर चेंडू सोबतीचा पंच पाहील, याची खात्री नसेल तर मान वळतेच. आणि अनुभवी पंचाला चेंडू कोठे आहे हे माहीत नसते असे नाही. खेळाडूंच्या वळलेल्या माना, त्यांची पावले, चेंडूचा आवाज आणि नजरेच्या कडेला दिसणारी हालचाल यांवरून त्याला ते कळत राहते. चेंडू कोठे आहे हे ठाऊक असणे आणि चेंडूकडे पाहत राहणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळे कौशल्य या फरकात आहे.

शाळेत करून पाहा

दहा विद्यार्थ्यांचे दोन गट करून त्यांना चेंडू फेकायला सांगा. चेंडूपासून दूर असलेल्या एका मुलाने, आधी ठरवल्याप्रमाणे, शेजाऱ्याचा हात तीन सेकंद धरून सोडावा. पाहणाऱ्यांचे तीन गट करा. पहिल्याने पास मोजावेत. दुसऱ्याला फक्त ‘चेंडू पाहू नका’ एवढेच सांगा. तिसऱ्यातील प्रत्येकाला खेळाडूंची एकेक जोडी नेमून द्या आणि ‘यांच्यात स्पर्श होतो का?’ असे विचारा. नंतर प्रत्येकाकडून त्याने काय पाहिले ते स्वतंत्रपणे लिहून घ्या आणि तिन्ही गटांतले आकडे फळ्यावर मांडा. मग गटांची कामे बदलून प्रयोग पुन्हा करा.

हा प्रयोग वर्गातही उपयोगी पडावा. उत्तर देणारा विद्यार्थी उभा राहिला की आपली नजर त्याच्यावर खिळते; तो आपला चेंडू असतो. त्या वेळी ज्याला उत्तर समजले नाही, तो मुलगा बहुधा तिसऱ्या बाकावर गप्प बसलेला असतो.