आठ धातू, सतरा शब्द

'मुरगूड, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर' या पत्त्यात 5 शब्द आहेत. 3 विशेषनामे वगळली की 2 उरतात आणि ते दोन्ही अरबी आहेत. महसुली कागदांत आणि गावच्या बोलण्यात रुळलेले असे 17 अरबी शब्द घेतले, तर ते 8 धातूंतून निघतात. म्हणजे दर धातूमागे सरासरी 2.1 शब्द.

अरबी धातू बहुतेक 3 व्यंजनांचा असतो. व्यंजनांत मूळ अर्थ राहतो. त्यांच्यामध्ये आणि भोवती बसणारा साचा त्या अर्थाचे काम ठरवतो. ह-स-ल म्हणजे हाती येणे. कर्त्याच्या साच्यात त्याचे हासील होते, कर्माच्या साच्यात महसूल, म्हणजे जे वसूल झाले ते, आणि क्रियेच्या साच्यात तहसील, म्हणजे वसुली. दाखल, दखल, दाखला हे 3 शब्द द-ख-ल चे. अ-ल-क चे तालुका आणि इलाखा, म-ल-क चे मालक आणि मुलूख, अ-म-ल चे अंमल आणि मामला, अ-ल-म चे तालीम आणि मालूम, व-र-स चे वारस आणि मिरास. जिल्हा मात्र आपल्या धातूचा एकटाच. अरबीत त्याचा मूळ अर्थ बरगडी, बाजू.

17 पैकी 8 शब्द, म्हणजे 47 टक्के, फक्त 3 साच्यांत बसतात. हासील, मालक, दाखल, वारस हे कर्त्याचे. महसूल, मालूम हे कर्माचे. तहसील, तालीम हे क्रियेचे. मुरगूडकर तहसीलच्या कामाला कागलला जातो आणि कुस्तीला तालमीत; दोन्ही शब्दांचा साचा एकच. अरबीत तालीम म्हणजे शिकवणे, कोल्हापूर जिल्ह्यात ती कुस्तीची जागा झाली.

अरबीची वर्णमाला 28 अक्षरांची. अक्षर पुन्हा न वापरता 3 अक्षरांच्या रचना होतात 19,656. दोन ते पाच अक्षरांच्या सगळ्या रचना मिळून 1 कोटी 23 लाख 5 हजार 412 भरतात. ही बेरीज आठव्या शतकातल्या बसऱ्याच्या खलील इब्न अहमद यांच्या नावावर सांगितली जाते. त्यांच्या कोशात त्याच 3 अक्षरांचे 6 क्रम एका ठिकाणी येतात. त्या मांडणीत अंमल आणि तालीम शेजारी बसतात, कारण अ-म-ल आणि अ-ल-म ही तीच अक्षरे आहेत. 'हक्क' 19,656 मध्ये सापडत नाही. त्याच्या ह-क-क मध्ये क दोनदा येतो. तशी पुनरावृत्ती धरली तर रचना 21,952 होतात, 2,296 जास्त.

विसंगती मराठी कानाशी सुरू होते. खलील यांचा कोश 'ऐन' या अक्षराने सुरू होतो आणि त्याचे नावही त्यावरूनच पडले. वर ते अ असे लिहिले आहे. आपल्या 8 पैकी 4 धातूंत आणि 17 पैकी 7 शब्दांत ऐन आहे. मराठी उच्चारात ते 7 पैकी एकाही शब्दात नाही. तालीम आणि मामला यांत धातूच्या 3 पैकी 2 व्यंजनेच ऐकू येतात. जमा, मजकूर, मिजास, हाजर, नजर या 5 शब्दांत अरबीची 5 वेगळी अक्षरे आहेत. देवनागरीत पाचांचा एकच ज होतो. मिरास मध्ये तर अरबीतच व चा दीर्घ ई होऊन बसला, त्यामुळे वारस आणि मिरासदार यांचे नाते सहज दिसत नाही.

हे शब्द मराठीत मुख्यतः फारसीवाटे, तयार होऊन आले. साचे आले नाहीत. जोड लागली ती फारसी 'दार'ची (तहसीलदार, मामलेदार) किंवा मराठी प्रत्ययांची. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने असे सुमारे 1,380 शब्द संस्कृत पर्यायांनी बदलायला घेतले. मुजुमदाराचा अमात्य झाला. ज-म-अ या धातूचे मुजुमदार हे नाव आज पद म्हणून वापरात नाही, पण आडनाव म्हणून टिकले आहे. तालुका, जिल्हा, तहसील आणि महसूल हे चारही शब्द सरकारी कागदावर कायम आहेत.