कोणीच न निवडलेला खेळाडू

आजच्या भागात आपण बर्फावर जाणार आहोत.

आपल्याकडे आइस हॉकी म्हणजे मुख्यतः लडाख. हिवाळ्यात तळी गोठली की तिथली मुलंमुली स्केट्स बांधून उतरतात. 2025 मध्ये भारताच्या महिला संघाने आशिया चषकात ब्राँझ पदकही मिळवलं. पण या खेळावर घर चालवायचं, तर जगातली सगळ्यात मोठी बाजारपेठ उत्तर अमेरिकेत आहे. तिचं नाव नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल. आज तिच्यात 32 संघ आहेत, 25 अमेरिकेचे आणि 7 कॅनडाचे.

तिथे खेळाडू व्यावसायिक कसा होतो? त्याची किंमत कोण ठरवतं, आणि ती किंमत बरोबर असते का? हे समजून घ्यायला मी एक खेळाडू निवडला आहे, मार्टिन सेंट लुई. कॅनडाच्या क्वीबेक प्रांतातल्या लाव्हाल गावात 1975 मध्ये जन्मलेला, फ्रेंच बोलणारा. उंची 5 फूट 8 इंच. ही उंची लक्षात ठेवा, कारण पुढची बरीच वर्षं लोक त्याच्याऐवजी तिच्याकडेच बघत होते.

आधी खेळाची एक गोष्ट सांगतो. बर्फावर एका वेळी प्रत्येक बाजूचे सहा जण असतात, गोलरक्षक धरून. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. पण पूर्ण वेगात स्केटिंग करणं इतकं दमवणारं असतं की खेळाडू साधारण पाऊण मिनिट खेळतो आणि बाहेर येतो, त्याच्या जागी दुसरा उडी मारून आत जातो. खेळ त्यासाठी थांबत नाही. आक्रमण करणारे बारा खेळाडू प्रशिक्षक तिघा-तिघांच्या चार फळ्यांत वाटतो. पहिल्या फळीला सामन्यात वीसेक मिनिटं मिळतात, चौथीला कधी कधी दहाही मिळत नाहीत. पहिल्या फळीकडून गोलची अपेक्षा असते. शेवटच्या फळ्यांचं काम बहुधा समोरच्याला अडवणं, धडका देणं आणि मुख्य खेळाडूंना श्वास घेऊ देणं हे असतं. म्हणजे तुम्ही किती चांगले आहात हे दाखवायची संधीसुद्धा कोणीतरी आधी वाटून ठेवलेली असते.

आता या लीगमध्ये शिरायचं कसं? मुख्य दरवाजा म्हणजे ड्राफ्ट. आयपीएलच्या लिलावात संघ बोली लावतात. इथे बोली नसते. खेळाडू साधारण अठरा वर्षांचा झाला की संघ आळीपाळीने एकेक नाव घेतात, आणि ज्याने नाव घेतलं त्याचाच त्या खेळाडूवर हक्क. वर्षाला दोनशेहून जास्त मुलं अशी निवडली जातात. शोधपथकाची माणसं गावोगावच्या रिंकवर थंडीत बसून सतरा वर्षांच्या मुलाकडे बघतात आणि तो पंचविसाव्या वर्षी कसा असेल याचा अंदाज बांधतात. हा अंदाजच असतो, पण तो आकड्यांच्या पोशाखात येतो. उंची किती, वजन किती, वेग किती. नव्वदच्या दशकात तर धिप्पाड शरीराला फारच भाव होता, कारण समोरच्याला पकडून, काठी अडकवून थांबवणं पंच बरंचसं चालवून घेत.

सेंट लुईला कोणीच निवडलं नाही. वर्षाला दोनशेहून जास्त नावं घेतली गेली, त्यात त्याचं एकदाही नाही.

तो अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठात गेला. विद्यापीठाचा मार्ग लांबचा असतो. पैसा नाही, पण शिक्षण होतं आणि शरीराला भरायला चार वर्षं मिळतात. तिथे सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूच्या पुरस्कारासाठी तो तीनदा अंतिम नावांमध्ये होता. 1997 मध्ये बाहेर पडला तेव्हा ओटावाच्या संघाने त्याला चाचणीला बोलावलं, पण करार दिला नाही. मग क्लीव्हलंडच्या एका दुय्यम लीगच्या संघात तो खेळला. 1998 मध्ये कॅलगरी फ्लेम्सने त्याला करार दिला आणि आधी आपल्या राखीव संघात पाठवलं, पूर्व कॅनडातल्या सेंट जॉनला.

ही दुय्यम लीग म्हणजे आपल्या रणजीसारखी समजा, पण एक मोठा फरक आहे. इथले बहुतेक संघ वरच्या एखाद्या संघाशी जोडलेले असतात. करार अनेकदा दुहेरी असतो. वर खेळलात तर एक पगार, खाली खेळलात तर त्याच्या कितीतरी कमी. फोन आला की सामान भरायचं आणि निघायचं. आठवड्याने परत पाठवलं तर परत यायचं. अनेकांची अख्खी कारकीर्द या ये-जा करण्यात संपते.

कॅलगरीच्या मुख्य संघाकडून दोन हंगामांत सेंट लुई 69 सामने खेळला आणि त्याने 4 गोल केले. 2000 मध्ये लीगमध्ये दोन नवे संघ आले. त्यांनी जुन्या संघांनी न राखलेल्या खेळाडूंतून आपले खेळाडू उचलायचे होते. कॅलगरीने त्याला राखलं नाही आणि नव्या संघांनीही उचललं नाही. मग कॅलगरीने त्याला मोकळं केलं. वय पंचवीस, हातात काही नाही.

इथे मी जरा थांबतो. 69 सामन्यांत 4 गोल हा आकडा खरा आहे. तो बघून कोणीही म्हणेल, बरोबर केलं. पण हा आकडा नेमकं काय मोजतो? तो सेंट लुईची ताकद मोजत नाही. खालच्या फळीत, मोजक्या मिनिटांत, अडवण्याच्या कामाला लावलेला सेंट लुई काय करतो, एवढंच तो मोजतो. आधी संधी कमी द्यायची आणि मग कमी संधीचा निकाल पुरावा म्हणून दाखवायचा, हा फेरा फक्त हॉकीत नसतो. तुमच्या-माझ्या कचेऱ्यांतही असतो.

त्याच उन्हाळ्यात टॅम्पा बे लायटनिंगने त्याला घेतलं. फ्लोरिडातला, तेव्हा सतत हरणारा संघ. हरणाऱ्या संघाकडे एक गोष्ट मुबलक असते, ती म्हणजे रिकामी जागा. पहिल्याच हंगामात त्याने 18 गोल केले. हळूहळू मिनिटं वाढली, आणि 2003-04 मध्ये 82 सामन्यांत त्याने 38 गोल केले, 56 गोलना साहाय्य केलं. गोलला एक गुण, साहाय्याला एक गुण, असे 94 गुण. लीगमध्ये सर्वाधिक. सर्वात मोलाच्या खेळाडूचा हार्ट करंडकही त्यालाच मिळाला.

त्या वर्षी स्टॅनली चषकाच्या अंतिम फेरीत टॅम्पासमोर कोण आलं? कॅलगरी! सात सामन्यांच्या मालिकेत टॅम्पा 2-3 ने मागे होतं. सहावा सामना कॅलगरीच्याच रिंकवर, बरोबरीत, दुसऱ्या जादा वेळेत गेलेला. त्या वेळेच्या तेहेतिसाव्या सेकंदाला सेंट लुईने गोल केला. सातवा सामना टॅम्पाने 2-1 असा जिंकला.

त्यानंतर? मालक आणि खेळाडू यांच्यातल्या वादामुळे 2004-05 चा अख्खा हंगाम रद्द झाला. खेळाडूच्या चांगल्या वर्षांची संख्या मोजकी असते आणि त्यातलं एक असंही जाऊ शकतं. खेळ परतला तेव्हा अडवाअडवीवर पंच कडक झाले, आणि वेगवान, लहान चणीच्या खेळाडूंना मोकळीक मिळाली. 2013 मध्ये 37 व्या वर्षी तो पुन्हा गुणांत पहिला आला. या मानाचा तो सगळ्यात वयस्कर मानकरी. पुढच्या वर्षी स्वतः मागणी करून तो न्यूयॉर्क रेंजर्सकडे गेला. मे 2014 मध्ये निर्णायक सामने चालू असतानाच त्याची आई वारली. तरी तो लगेच पुढच्या सामन्याला उतरला. रेंजर्स अंतिम फेरीत पोहोचले आणि हरले. 2015 मध्ये चाळिशीत तो निवृत्त झाला. एकूण 1134 सामने, 391 गोल, 1033 गुण. 2018 मध्ये हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. 2022 मध्ये माँट्रियलच्या संघाने त्याला मुख्य प्रशिक्षक केलं. तोवर त्याचा प्रशिक्षणाचा अनुभव होता तो लहान मुलांच्या संघांचा.

आता या गोष्टीचं तात्पर्य 'जिद्द असेल तर सगळं मिळतं' असं मी सांगणार नाही. तेवढीच जिद्द असलेली कितीतरी मुलं सेंट जॉनसारख्या गावांत बसमध्ये बसून राहिली आणि एक दिवस घरी गेली. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, म्हणून ती नव्हतीच असं होत नाही. सेंट लुईच्या हातात एवढंच होतं, की योग्य जागा रिकामी होईपर्यंत खेळत राहायचं आणि त्या दिवशी तयार असायचं. बाकीचं दुसऱ्यांच्या हातात होतं.

म्हणून हा भाग मी खेळाडूंपेक्षा निवड करणाऱ्यांसाठी केला आहे. तुम्ही शाळेचा संघ निवडत असाल, नोकरीला माणूस घेत असाल, किंवा घरातल्या दोन मुलांपैकी कोणाला खेळायला पाठवायचं हे ठरवत असाल, तर नाही म्हणण्याआधी एकदा स्वतःला विचारा, की याला आपण बर्फावर किती मिनिटं दिली होती?