जुने घर घेताना आधी छप्पर तपासा

शेतकरी बंधूंनो, धानाची मळणी आटोपून चुकारा हाती आला की पवनी तालुक्यातील कोंढा परिसरात घराच्या व्यवहारांची बोलणी सुरू होतात. भाऊ वेगळे झाले किंवा धान व अवजारे ठेवायला जागा अपुरी पडू लागली, म्हणजे गावातीलच एखादे जुने कवेलूचे घर विकत घेण्याकडे कल असतो. असे पुष्कळ सौदे उन्हाळ्यात ठरतात आणि उन्हाळ्यात कोणतेही छप्पर गळत नाही. भंडारा जिल्ह्यात वर्षाला सुमारे १३०० मि.मी. पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. म्हणून घराची किंमत ठरविण्यापूर्वी छप्पर बारकाईने तपासणे आवश्यक आहे.

तपासणीचे मुख्य सूत्र असे की, कवेलूपेक्षा त्याखालचे लाकूड अधिक महत्त्वाचे. फुटके कवेलू एका दिवसात बदलता येतात. मात्र मयाल किंवा फाटे किडले असतील तर संपूर्ण छप्पर उतरवावे लागते.

छपरावरील भार

भारतीय मानकांनुसार देशी कवेलूच्या एकेरी छपराचा भार पट्ट्यांसह दर चौरस मीटरला सुमारे ७० किलो व दुहेरी छपराचा सुमारे १२० किलो धरतात. म्हणजे १० फूट लांब व १० फूट रुंद छपरावर एकेरी थराचे साडेसहाशे, तर दुहेरी थराचे अकराशे किलो वजन असते. गळती थांबविण्यासाठी जुन्या कवेलूंवर आणखी थर चढविला असल्यास लाकडावरील भार वाढतो. घरापासून वीस-पंचवीस पावले दूर उभे राहून आढ्याची रेषा पाहावी. ती मध्ये झुकलेली दिसली तर आतील लाकूड थकले आहे असे समजावे.

लाकडाची परीक्षा

१) फाट्याचे भिंतीत गेलेले टोक प्रथम पाहावे. तेथे ओल टिकते, वारा लागत नाही आणि लाकूड तेथूनच कुजू लागते. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला की कुजविणारी बुरशी वाढते.

२) टोकदार सुरी किंवा पेचकस लाकडात दाबून पाहावा. निरोगी सागवानात टोक जेमतेम शिरते. ते सहज आत गेले तर लाकूड कुजले आहे. हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर आतून पोखरले आहे.

३) भिंतीवरून वर चढणाऱ्या मातीच्या नळ्या ही वाळवीची (उधईची) खूण होय. मातीच्या भिंतीतून वाळवी थेट मयालीपर्यंत पोहोचते. जमिनीवर पिठासारखा भुसा पडलेला दिसला तर लाकडात अथवा बांबूत घुण आहे.

४) सागवानाचा मधला गडद गाभा टिकाऊ असतो, बाहेरचा फिकट भाग लवकर किडतो. वरचा भाग गेला तरी गाभा शाबूत असू शकतो. म्हणून सुतारास सोबत नेऊन किती लाकूड बदलावे लागेल हे मोजून घ्यावे.

५) नुकताच दिलेला तेलरंग, डांबर किंवा एकाच जागी केलेली ताजी छपाई दिसल्यास त्यामागे काय आहे हे अवश्य विचारावे.

गळतीच्या खुणा

दुपारच्या वेळी दारे-खिडक्या बंद करून आत उभे राहावे. जेथून उजेड दिसतो तेथून पाणीही येण्याचा संभव असतो. मातीच्या भिंतीवरील तपकिरी ओघळ, भिंतीच्या माथ्याची झिजलेली माती व दोन पाख्यांच्या जोडावरील डाग पाहावेत. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला आलेल्या पुराचे पाणी ज्या घरांत शिरले होते, तेथे भिंतीचा पायथाही तपासावा. पायथा खचला तर त्यावर टेकलेले छप्परही सरकते.

पत्र्याचे व स्लॅबचे घर

माकडांचा उपद्रव व कवेलू फेरणाऱ्या मजुरांची टंचाई यांमुळे अनेक घरांवर टिनाचे पत्रे आले आहेत. पत्रे वजनाने हलके असल्याने वादळात उडण्याचा धोका असतो. म्हणून हूक, नट व पत्र्यांच्या जोडावरील गंज पाहावा. जुन्या सिमेंट पत्र्यांत अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात आणि ते श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास कर्करोग होऊ शकतो. असे पत्रे कापू, छिद्रू किंवा फोडू नयेत. ते काढावे लागल्यास ओले करून अखंड उतरवावेत.

स्लॅबच्या खालील बाजूस तांबूस डाग, सळईच्या रेषेत गेलेली भेग किंवा सुटलेले पोपडे असतील तर आतील लोखंड गंजत आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे सिमेंट फुटते. वरून नुसता सिमेंटचा थर दिल्याने हा दोष जात नाही.

व्यवहार करताना

दुरुस्तीचा अंदाज सुतार व गवंडी यांच्याकडून लिहून घ्यावा आणि तो किमतीतून वजा करूनच बोलणी करावी. शक्य असल्यास घर एकदा पावसात पाहावे. ते जमत नसेल तर पाख्यावर नळीने पाणी सोडून आतून पाहावे. इसार तपासणीनंतरच द्यावा. मयाल, फाटे, कवेलू व दारे घरासोबत मिळणार आहेत, हे इसारपावतीत स्पष्ट लिहावे.

छपराखाली केवळ माणसे राहत नाहीत, वर्षभराचे धान व पुढील हंगामाचे बियाणेही तेथेच असते. धानाच्या बियाण्यातील ओलावा १३ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. एका कोपऱ्यातील गळतीनेही तो वाढून बुरशी लागते व उगवण घटते. तेव्हा बंधूंनो, घराचा दर्शनी भाग पाहून सौदा करू नका. आधी शिडी लावा, छप्पर पाहा आणि मगच इसार द्या.