गॅस भरण्याआधी

गेल्या मे महिन्यात दुपारी एकच्या सुमारास वडिलांना घेऊन गडचिरोलीहून चंद्रपूरला निघालो. वेळ चुकीची होती, हे आधीच कबूल करतो. बाबा ७९ वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू, सोबत लघवी वाढवणारी गोळी. पण गाडीत एसी आहे, दोन तासांचा तर प्रश्न, असा हिशेब मी केला. इतरांना उन्हात बाहेर पडू नका असे सांगणारे आम्ही डॉक्टर स्वतःच्या घरी असेच हिशेब करतो.

सावली मागे पडेपर्यंत गारवा छान होता. मूलच्या अलीकडे रस्त्याच्या कामामुळे गाड्या थांबल्या आणि पाचेक मिनिटांत झोतातून कोमट, मग चक्क गरम वारा येऊ लागला. रांग सुटली, गाडीने वेग घेतला, तसा थोडा थंडावा परतला. पुन्हा थांबलो, पुन्हा गरम. आता येईल, मग येईल, या आशेवर मी काचा बंदच ठेवल्या. ही माझी दुसरी चूक. मागच्या सीटवरून बाबांनी दोनदा तोच प्रश्न विचारला, ‘‘चंद्रपूर किती राहिलं?’’ आणि तिसऱ्यांदा काही विचारलेच नाही. वळून पाहिले तर चेहरा घामाने थबथबलेला, मळमळतेय म्हणाले, डोके दुखतेय म्हणाले. नाडी ११२. थर्मामीटर जवळ होता, ताप १०१.५. नाव, गाव, वार सगळे बरोबर सांगितले, तेव्हा माझा जीव जरा खाली पडला.

मूलमध्ये रस्त्याच्या कडेला कडुनिंबाखाली एका मिस्त्रींचे दुकान दिसले. गाडी सावलीत लावली, बाबांना बाजेवर निजवले, पाय थोडे उंच केले, सदरा सैल केला. दुपट्टा भिजवून छातीवर, मानेवर, काखेत पाणी लावत राहिलो आणि दुकानातल्या पोराने पुठ्ठ्याने वारा घातला. ते पूर्ण शुद्धीवर होते आणि गिळू शकत होते, म्हणून मीठ-साखरेचे पाणी घोट घोट दिले.

हे उष्माघाताच्या अलीकडचे स्टेशन होते. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या पुढे गेले आणि माणूस बरळू लागला, झिंगल्यासारखा वागू लागला, बेशुद्ध पडला किंवा झटके आले, की तो उष्माघात. तिथे वाट पाहायची नसते. त्याच क्षणी पाणी ओतून, वारा घालून थंड करायला सुरुवात करायची आणि थंड करत करतच दवाखाना गाठायचा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालायचे नाही. तापाची पॅरासिटॅमॉल इथे उपयोगाची नाही, कारण हा ताप जंतूंनी आणलेला नसतो.

बाबांकडे लक्ष देताना माझा एक कान मिस्त्रींकडे होता. मी जाहीर करून टाकले होते, ‘‘गॅस संपला असेल, भरून द्या.’’ ते हसले. ‘‘गॅस काय पेट्रोल आहे का साहेब संपायले? आधी पाहू तर द्या न.’’

मग त्यांनी मला जे प्रश्न विचारले, ते मी ओपीडीत विचारतो त्याच जातीचे होते. कधीपासून? सुरू केल्याबरोबर गरम येते, की थोड्या वेळाने? गाडी चालू असताना बरे वाटते का? वारा जोरात येतो की मंद? याआधी कोणी हात लावला? शेवटच्या प्रश्नावर मला आठवले. मार्चमध्ये थंडावा कमी वाटतो म्हणून मी एका गॅरेजमध्ये गेलो होतो. त्यांनी दहा मिनिटांत गॅस भरून दिला होता, काही न तपासता. बरेही वाटले होते. मार्चमध्ये कुणालाही बरे वाटते.

पुढचे समजायला यंत्र थोडे समजून घ्यावे लागेल, आणि ते आपल्या अंगासारखेच आहे. घाम वाळताना तो कातडीतली उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर पडते. एसीतला गॅसही तसाच काम करतो, फरक इतकाच की तो हवेत न जाता बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. बहुतेक गाड्यांत आर-१३४ए नावाचा गॅस असतो, मोकळ्या हवेत तो उणे २६ अंशांनाच उकळतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये कमी दाबाखाली तो उकळून वाफ होतो आणि गाडीतली उष्णता शोषतो. इंजिनजवळचा कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो. समोरच्या जाळीमागे, रेडिएटरच्या पुढे बसलेल्या कंडेन्सरमध्ये ती वाफ उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव होते. बाहेर ४५ अंश असतील, तर कंडेन्सरमधला गॅस त्याहून बराच गरम, ६० च्या पुढे असावा लागतो, तरच उष्णता बाहेर जाईल. आपल्याकडच्या मेमध्ये एसी हाच भाग सांभाळताना धापा टाकतो.

गंमत म्हणजे या यंत्राच्या पूर्वजांपैकी एक डॉक्टरच होता. अमेरिकेत फ्लोरिडातले डॉ. जॉन गॉरी तापाच्या रुग्णांच्या खोल्या थंड करायच्या ध्यासाने बर्फ करणाऱ्या यंत्रामागे लागले आणि १८५१ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. मलेरिया खराब हवेने होतो, हा तेव्हाचा समज. निदान चुकले होते, पण यंत्र चालले! मोटारीत एसी आणला पॅकार्ड कंपनीने, १९३९ मध्ये. त्या गाडीत तो बंद करायचा तर इंजिन थांबवून कॉम्प्रेसरचा पट्टा काढावा लागे.

आपल्या मिस्त्रींनी आधी आतले बटण पाहिले, हवा आतलीच फिरते की बाहेरची येते ते. कितीतरी ‘बिघडलेले’ एसी इथेच दुरुस्त होतात, कारण बाहेरची ४५ अंशांची हवा सतत आत ओढत राहिलो तर कुठलाही एसी हरेल. मग इंजिन चालू ठेवून एसी लावला. ‘टक्’ असा आवाज आला, म्हणजे कॉम्प्रेसरचा क्लच पकडत होता. तो आवाजच आला नसता, तर फ्यूज, रिले, उंदराने कुरतडलेली वायर किंवा गॅसचा दाब फारच कमी, अशी वाट धरावी लागली असती. वारा जोरात येत होता, म्हणून केबिन फिल्टर आणि ब्लोअर सुटले. वारा थंड पण मंद येत असेल, तर आधी हातमोजांच्या कप्प्यामागचा तो फिल्टर काढून पाहावा. चंद्रपूरच्या कोळशाच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीतला फिल्टर पाहिला, की आपण श्वासातून काय घेतो तेही कळते. सुरुवातीला थंड, अर्ध्या तासाने वाराच आटतो आणि थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा येतो, असे असेल तर कॉइलवर बर्फ धरतोय.

माझी तक्रार वेगळी होती. धावताना थंड, थांबल्यावर गरम. ‘‘हे तुमच्याच तोंडून आलं न साहेब, आता फक्त खात्री करायची,’’ असे म्हणत त्यांनी बॉनेट उघडून कंडेन्सरचा पंखा दाखवला. तो फिरतच नव्हता. गाडी धावत असली की समोरचा वारा पंख्याचे काम करतो, थांबली की कंडेन्सर तापतो. त्यात जाळी कोळशाची धूळ आणि धानाच्या तुसाने लिंपली गेली होती. सावली-मूलकडच्या रस्त्यांवर तूस उडतच असते.

मग त्यांनी गेज लावले. कमी दाबाचा काटा ६० च्या पुढे आणि जास्त दाबाचा ३८० वर, आणखी चढत. अशा उन्हात तो अडीचशेच्या आसपास असावा. बघता बघता ‘टक्’, कॉम्प्रेसर आपोआप तुटला. दाब धोक्याच्या रेषेवर गेला की यंत्र स्वतःला वाचवते. दोन्ही काटे खाली असते तर गॅस गळतोय. कमीचा वर आणि जास्तीचा खाली, तर कॉम्प्रेसर थकला. दोन्ही वर, म्हणजे कंडेन्सरला वारा मिळत नाही किंवा गॅस जास्त झालाय. इथे दोन्ही गोष्टी असाव्यात, असे ते म्हणाले.

शेवटची परीक्षा मला सर्वांत आवडली. त्यांनी कंडेन्सरवर हळूहळू पाणी सोडायला सुरुवात केली. काटा उतरू लागला, क्लचने पुन्हा पकडले आणि मिनिटभरात आतला वारा गार झाला. दोष वाऱ्याच्या बाजूला आहे, हे सिद्ध झाले. दहा फुटांवर मी बाबांच्या छातीवर तेच करत होतो.

पंख्याचा रिले जळला होता. तो बदलला, जाळी आतून बाहेर धुतली. जास्तीचा गॅस मात्र त्यांनी हवेत सोडला नाही. ‘‘चंद्रपूरले मशीनवर काढा, वजन करून भरा,’’ म्हणाले. हे मला फार बरे वाटले, कारण हा गॅस शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट तापवतो आणि छोट्या गाडीत तो अर्धा किलोच्या आसपास असतो. त्याआधीचा आर-१२ ओझोनचा थर खात होता, १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो हळूहळू गेला.

‘गॅस भरून द्या’ याचा मला एवढा राग का येतो ते सांगतो. गॅस खर्च होत नाही, कमी झाला तर कुठून तरी गळलाय. सांध्यावर तेलकट डाग दिसतो, साबणाचा फेस फुगतो, तिथे गळती. ती न शोधता दरवर्षी गॅस भरणे म्हणजे रक्त कुठून जातेय हे न पाहता रक्ताच्या बाटल्या लावणे. आणि कमी नसताना भरणे म्हणजे सुजलेल्या पेशंटला सलाईन. गडचिरोलीत ताप दिसला की रक्ताचा नमुना आधी, हे आम्ही नव्या डॉक्टरांच्या कानीकपाळी ओरडून सांगतो. माझ्या गाडीच्या बाबतीत मार्चमध्ये मीच नमुना न घेता औषध मागितले होते.

एसी रस्त्यात बंद पडलाच, तर काचा उघडा, पण नुसत्या वाऱ्यावर विसंबू नका. बाहेरची हवा कातडीपेक्षा गरम असेल, म्हणजे ३५ च्या पुढे, तर वारा अंग तापवतोही. अंग ओले असेल तरच त्याचा फायदा. म्हाताऱ्यांना घाम कमी येतो, म्हणून त्यांना वरून ओले करायचे. लघवीच्या, मानसिक आजाराच्या, सर्दीच्या काही गोळ्या उन्हाळ्यात त्रास वाढवतात. त्या स्वतःहून बंद करू नका, मार्चमध्येच डॉक्टरांशी बोला. इन्सुलिन गाडीच्या कप्प्यात ठेवू नका. आणि उन्हात उभ्या बंद गाडीत लहान मुलाला ‘दोन मिनिटांसाठी’ सुद्धा सोडू नका. पहिल्या दहा मिनिटांतच आतले तापमान दहा अंशांच्या आसपास चढते, काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही.

तासाभराने बाबांची नाडी ८८ वर आली, लघवी झाली, चहा मागितला. निघालो सहा वाजता. दुसऱ्या दिवशी चंद्रपुरात मशीनवर गॅस काढून मोजला, तर कंपनीने सांगितलेल्या वजनापेक्षा १४० ग्रॅम जास्त निघाला. त्याच आठवड्यात बाबांची लघवीची गोळी त्यांच्या डॉक्टरांशी बोलून उन्हाळ्यापुरती निम्मी केली. आता मेमध्ये कुठे जायचे म्हटले, की बाबाच आधी विचारतात, ‘‘पंखा फिरतोय का पाहिलंस?’’