खेळण्यावरचं चिन्ह: नेमकं काय तपासलं, कुणी तपासलं?

लहान मूल हातात आलेलं खेळणं आधी तोंडात घालतं. रंगात शिसं असेल तर ते पोटात जातं, सैल बसवलेला डोळा निघाला तर घशात अडकतो. म्हणून भारतात १ जानेवारी २०२१पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. तरीही खोक्यावरची अक्षरं पाहून ग्राहक निर्धास्त होतो आणि छोटे उत्पादकही एका चिन्हाला दुसरं समजून फसतात. असे पाच गैरसमज इथे तपासू.

गैरसमज १: आयएसआय चिन्ह म्हणजे सरकारने ते खेळणं तपासलं आहे.

वस्तुस्थिती: भारतीय मानक ब्युरो (बीआयएस) प्रत्येक नग तपासत नाही, ते चिन्ह वापरण्याचा परवाना देतं. त्याआधी कारखान्याची पाहणी होते, नमुने प्रयोगशाळेत जातात. पुढे ठरलेल्या पद्धतीने रोजच्या उत्पादनाची चाचणी घेणं ही उत्पादकाची जबाबदारी असते आणि ब्युरो अधूनमधून कारखान्यातून व बाजारातून नमुने उचलतं. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो: साध्या खेळण्यांसाठी आयएस ९८७३, विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्यांसाठी आयएस १५६४४. खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की परवाना कुणाचा आहे आणि चालू आहे का, ते कळतं. हा क्रमांकच नसेल तर त्या चिन्हावर विश्वास ठेवू नये.

गैरसमज २: ‘सीई’ म्हणजे युरोपने दिलेलं गुणवत्तेचं प्रशस्तिपत्र, आणि चिनी मालावरच्या ‘सीई’चा अर्थ ‘चायना एक्स्पोर्ट’.

वस्तुस्थिती: ‘सीई’ हे उत्पादकाने स्वतः केलेलं जाहीर निवेदन आहे: हा माल युरोपीय कायद्याच्या अटी पूर्ण करतो. खेळणं ईएन ७१ मालिकेसारख्या मान्य मानकांत पूर्णपणे बसत असेल, तर २००९च्या खेळणी निर्देशानुसार उत्पादक स्वतःच पडताळणी करू शकतो. मात्र त्याची कागदपत्रं १० वर्षं जपावी लागतात. मान्य मानक लागू होत नसेल किंवा पूर्ण पाळलं नसेल, तर अधिकृत त्रयस्थ संस्थेकडून नमुना तपासून घ्यावा लागतो. ‘चायना एक्स्पोर्ट’ नावाचं अधिकृत चिन्ह अस्तित्वात नाही. आणि भारतात विकायच्या खेळण्यावर आयएसआयऐवजी ‘सीई’ चालत नाही.

गैरसमज ३: कारखाना ‘आयएसओ’ आहे, म्हणजे माल सुरक्षित आहे.

वस्तुस्थिती: जिनिव्हाची आयएसओ ही संस्था मानकं लिहिते, ती स्वतः कुणालाही प्रमाणपत्र देत नाही. आयएसओ ९००१चं प्रमाणपत्र इतर संस्था देतात आणि ते कारखान्याच्या कामकाज-पद्धतीबद्दल असतं. त्या प्रमाणपत्रावरून खेळण्याच्या रंगात किती शिसं आहे, हे कळत नाही. खेळण्यांच्या सुरक्षिततेसाठीचं आयएसओ मानक वेगळं आहे, ८१२४. आपलं आयएस ९८७३ (भाग १) त्याच्याच आधारावर आहे.

गैरसमज ४: एकदा चाचणी पास झाली की माल जगभर चालतो.

वस्तुस्थिती: मानकं सारखी असली तरी ती सिद्ध करण्याची पद्धत प्रत्येक देशाचा कायदा ठरवतो. २००७मध्ये शिसंयुक्त रंगामुळे अमेरिकेत चीनमध्ये बनलेली खेळणी मोठ्या प्रमाणात परत बोलवावी लागली. २००८मध्ये तिथे कायदा कडक झाला: १२ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या खेळण्यांची चाचणी अमेरिकी ग्राहक-सुरक्षा आयोगाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच व्हावी लागते. रंगातल्या शिशाची मर्यादा दशलक्षात ९० भाग इतकी आहे. परदेशी मालाचं प्रमाणपत्र तिथला आयातदार देतो.

आपल्याकडे हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना आयएसआयच्या सक्तीतून सूट आहे. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचा कारागीर तिचा लाभ घेऊ शकतो. पण ही सूट देशापुरतीच. तीच खेळणी जर्मनीत पाठवायची तर युरोपीय नियम पाळावेच लागतात. म्हणून लाखेचा रंग निवडण्याआधीच माल कुठे जाणार हे ठरवलेलं बरं.

गैरसमज ५: मानकं म्हणजे परदेशी माल अडवण्याची युक्ती.

वस्तुस्थिती: गैरवापर होऊ शकतो, आणि म्हणूनच १९९५पासून जागतिक व्यापार संघटनेचा तांत्रिक अडथळ्यांविषयीचा करार लागू आहे. देशी आणि परदेशी मालाला एकच नियम असावा, तो गरजेपेक्षा जाचक नसावा आणि आंतरराष्ट्रीय मानक उपलब्ध असेल तर त्याचा आधार घ्यावा, असं तो सांगतो. युरोपने फक्त स्वतःकडच्या एका जातीच्या माशाला डब्यावर ‘सार्डिन’ नाव लावू दिलं, तेव्हा पेरूने दाद मागितली आणि २००२मध्ये निकाल पेरूच्या बाजूने लागला. खेळण्यांवर आयएसआय सक्तीचं करणारा आपला आदेशही देशी कारखान्यांना तितकाच बांधतो. आयात शुल्क फेब्रुवारी २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेलं, तो निर्णय निराळा. देशी उद्योगाला संरक्षण द्यायचं तर ते शुल्कातून उघडपणे द्यावं. मानकाचं काम मुलाचं रक्षण करण्याचं आहे.

हे मानक कशाचं आहे, चाचणी कुणी केली आणि चूक निघाली तर उत्तर कोण देणार, असं प्रत्येक ग्राहकाने दुकानात विचारावं. प्रत्येक उत्पादकाने ऑर्डर घेण्याआधी हेच तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. उत्तरं मिळाली तरच त्या चिन्हाला किंमत आहे.