घोड्याचे पॅराथायरॉइड संप्रेरक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

घोडा लंगडू लागला की आधी खूर पाहिला जातो, नाल तपासली जाते. ते योग्यच आहे. पण काही वेळा दुखण्याचे मूळ गव्हाणीत असते आणि त्याचा परिणाम मानेतल्या लहानशा पॅराथायरॉइड ग्रंथींमार्फत हाडांपर्यंत पोहोचतो. या ग्रंथींचे संप्रेरक, पीटीएच, रक्तातले कॅल्शियम सांभाळते. त्याविषयीचे पाच समज तपासून पाहू.

गैरसमज १: घोड्याचे पीटीएच इतर प्राण्यांपेक्षा अगदी वेगळे असते.
वस्तुस्थिती: माणूस, गाय, डुक्कर आणि घोडा या चौघांतही ते ८४ ॲमिनो आम्लांच्या साखळीचे बनलेले असते. कॅल्शियमचे काम साखळीतली पहिली ३४ आम्लेच करू शकतात आणि या भागात सस्तन प्राण्यांमध्ये मोठे साम्य आहे. १९२५ मध्ये जेम्स कॉलिप यांनी गुरांच्या ग्रंथींचा अर्क पॅराथायरॉइड काढून टाकलेल्या कुत्र्यांना दिला, तेव्हा त्यांचे कॅल्शियम वाढले आणि झटके थांबले. याच साम्यामुळे माणसांसाठीच्या काही चाचण्या नीट पारखून घोड्यांसाठीही वापरल्या जातात.

गैरसमज २: संप्रेरक सारखे, म्हणून रक्ताचे आकडेही सारखेच हवेत.
वस्तुस्थिती: माणसाच्या रक्तात दर डेसिलिटरला साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर निरोगी घोड्यात ११ ते १३. घोड्याचे आतडे कॅल्शियम भरपूर शोषते आणि त्यासाठी ड जीवनसत्त्वावर फारसे अवलंबून राहत नाही. जादा कॅल्शियम लघवीवाटे जाते, म्हणून निरोगी घोड्याची लघवीही गढूळ दिसते. मूत्रपिंड निकामी झाले की माणसात बहुधा कॅल्शियम घटते. घोड्यात ते अनेकदा वाढते.

गैरसमज ३: रक्तातले कॅल्शियम ठीक, म्हणजे हाडेही ठीक.
वस्तुस्थिती: खाद्यातून कॅल्शियम कमी पडले की पीटीएच वाढते आणि हाडांतले कॅल्शियम रक्तात आणते. त्यामुळे तपासणीत आकडा ठीक दिसतो, पण हाडे पोखरत जातात. चालीत अवघडलेपणा येतो, कधी हा पाय तर कधी तो पाय लंगडतो, दात हलू लागतात. चेहऱ्याच्या हाडांची जागा तंतुमय ऊती घेतात आणि तोंड फुगीर दिसते. म्हणून कॅल्शियमसोबत फॉस्फरस, लघवीतून जाणारा फॉस्फरस आणि शक्य असेल तिथे पीटीएचही तपासावे लागते.

गैरसमज ४: गव्हाचा कोंडा आणि हिरवे गवत कितीही दिले तरी चालते.
वस्तुस्थिती: कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या सुमारे दहापट असतो. घोड्याच्या एकूण आहारात मात्र कॅल्शियम निदान फॉस्फरसइतके, शक्यतो त्याहून जास्त हवे. पूर्वी गिरणीवाल्यांच्या घोड्यांना कोंडाच फार मिळे आणि त्यांना हाडे पोखरण्याचा हा आजार होई, म्हणून इंग्रजीत त्याला गिरणीवाल्यांचेच नाव पडले. नेपिअरसारख्या काही गवतांत ऑक्झलेट जास्त असते. ते कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून चाऱ्यात कॅल्शियम असूनही घोड्याच्या अंगी लागत नाही.

गैरसमज ५: पीटीएच हाडांचा शत्रूच आहे.
वस्तुस्थिती: ते सतत चढे राहिले तर हाडे झिजतात. पण थोड्या थोड्या वेळापुरते दिले तर नवे हाड घडायला मदत होते. पहिल्या ३४ आम्लांपासून बनवलेले टेरिपॅराटाइड अमेरिकेत २००२ पासून माणसांच्या ठिसूळ हाडांवर वापरले जाते.

चंदीचे प्रमाण ठरवण्याआधी पशुवैद्यकाला सगळा आहार दाखवा. कोंडा हा मुख्य आहार करू नका, लसूणघासासारखा कॅल्शियमयुक्त चारा जोडीला द्या आणि चुनखडीची पूड द्यायची तर त्यांच्याच सल्ल्याने द्या. वेळीच आहार सुधारला तर लंगडणे बरे होऊ शकते. चेहऱ्याचा फुगीरपणा मात्र पूर्ण जाईलच असे नाही.